धुळीने छाती गेली, भरपाई कशी मागायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दगडखाण, क्रशर, फौंड्री, जिनिंग, पॉवरलूम, ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचे कारखाने, अशा सगळ्या ठिकाणच्या लोकांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी वकील नाही, कामगारांचे अर्ज भरून देतो, फायली लावून देतो. आधी सोपे प्रश्न घेतलेत, किचकट खाली आहेत.

१. सिलिकोसिस म्हणजे टीबीच ना?

नाही, आणि या एका गैरसमजात निम्मे दावे बुडतात. दगड, वाळू, क्वार्ट्झ फोडताना, घासताना, ड्रिल मारताना जी धूळ उडते त्यातली डोळ्याला दिसते ती त्यामानाने कमी धोक्याची, ती नाकात-घशात अडकते. त्यातलं सिलिका नावाचं खनिज १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असलं की ते थेट फुफ्फुसात खोल जाऊन बसतं आणि तिथे जखमेच्या खुणा तयार होत राहतात, काम सोडलं तरी, हाच सिलिकोसिस. हा आजार बरा होत नाही. त्यात सिलिकाने फुफ्फुस कमजोर झालं की टीबी लवकर धरतो, म्हणजे दोन्ही एकदम असू शकतात, त्याला सिलिको-टीबी म्हणतात आणि तोही भरपाईच्या यादीत आहे.

माझ्याकडे एक ड्रिलर आले होते, खताच्या पिशवीत एक्स-रे गुंडाळून आणलेले, टीबीचे तीन कोर्स झालेले, थुंकी दोनदा निगेटिव्ह, तरी दम जात नव्हता. अकरा वर्षं क्रशरवर काढलेला माणूस, आणि तिन्ही केसपेपरवर व्यवसाय या रकान्यात एकच शब्द, मजुरी. कुठली मजुरी ते कुणी विचारलंच नाही. हा शब्द लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

२. सिलिकोसिस सोडून दुसऱ्या कुठल्या आजाराला मिळतं?

कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजारांची यादी आहे. त्यात सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस (ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार), सिलिको-टीबी, ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर), कापूस-तागाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हे सगळं आहे. गिरणीत ब्लो रूम आणि कार्डिंगला, म्हणजे कापूस मोकळा करून पिंजायच्या खात्यात काम केलेल्या जुन्या माणसांना विचारा, सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळून यायची, ती बिसिनोसिसची सुरुवात. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या लोकांना माहीत नसतं पण उसाच्या चिपाडाच्या, म्हणजे बगॅसच्या धुळीने होणारा बगॅसोसिससुद्धा त्या यादीत आहे. कामावरच्या पदार्थाने होणारा दमाही आहे.

३. पैसे कोण देतं, सरकार की मालक?

आधी एकच बघा, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलं जात होतं का. पगाराच्या स्लिपवर किंवा कार्डावर ईएसआयचा नंबर असेल तर तुमचा दावा ईएसआयकडे, आणि मग त्याच आजारासाठी मालकावर वेगळा भरपाईचा दावा लावता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. ईएसआयची पगाराची मर्यादा २१,००० आहे. तिथे एकरकमी नाही, दर महिन्याला मिळतं, कमाईची क्षमता किती गेली त्या प्रमाणात, पूर्ण गेली तर पगाराच्या साधारण ९० टक्क्यांच्या हिशेबाने. आजार कामामुळे आहे का हे त्यांचं स्पेशल मेडिकल बोर्ड ठरवतं.

ईएसआय नसेल तर मालक. कायदा १९२३ चा, कर्मचारी भरपाई कायदा, पूर्वी वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन म्हणायचे, २०१० पासून नाव बदललं (आता लेबर कोड आलाय, त्याचं प्रश्न १६ मध्ये). खाण आणि क्रशरवर बहुतेकांना ईएसआय नसतंच, त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं याच वाटेची आहेत.

४. किती मिळतील? आकडा सांगा.

आकडा सगळ्यांना आधी हवा असतो. गणित असं, पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा फॅक्टर, मृत्यू झाला असेल तर पगाराचे ५० टक्के गुणिले फॅक्टर. फॅक्टरचा तक्ता कायद्यातच आहे, ३० व्या वर्षाला २०७.९८, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९. वय जसं वाढतं तसा फॅक्टर उतरतो.

समजा माणूस ४५ वर्षांचा, पगार १२,०००. त्याचे ६० टक्के म्हणजे ७,२००, गुणिले १६९.४४, झाले १२,१९,९६८. मृत्यू असता तर ६,००० गुणिले १६९.४४, म्हणजे १०,१६,६४०. पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात, त्याआधी ८,००० धरायचे. १९२३ च्या कायद्यात कमीत कमी रक्कमही ठरलेली होती, मृत्यूला १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वाला १,४०,०००. अंत्यविधीचा खर्च म्हणून त्याच कायद्यात वेगळे किमान ५,००० होते, त्यात लाकडंही येत नाहीत पण मागायचे सोडू नका. औषधोपचाराचा खरा झालेला खर्चही मागता येतो, म्हणून मेडिकलची बिलं फेकू नका.

मालकाने एका महिन्याच्या आत दिलं नाही तर वर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही. व्याजाची मागणी अर्जात स्पष्ट लिहा.

५. डॉक्टरने ४० टक्के लिहिलंय, म्हणजे ४० टक्केच पैसे?

असं नाही. फुफ्फुस किती टक्के गेलं आणि कमाई किती टक्के गेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपाई कमाईच्या क्षमतेवर असते. सुप्रीम कोर्टाचा १९७५ चा निकाल आहे, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता. सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता, कोर्टाने म्हटलं एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व शंभर टक्के. तसंच ज्याला सुरुंगाची भोकं पाडायची, घण मारायचा, घमेली उचलायची, त्याला ४० टक्के फुफ्फुस गेल्यावर ते काम किती होणार? हे डॉक्टरकडून स्पष्ट लिहून घ्या, ‘या व्यक्तीची कमाईची क्षमता इतके टक्के गेली आहे’ या शब्दांत, कारण परिशिष्टात टक्का ठरवून न दिलेल्या दुखापतीत कमाईचा तोटा डॉक्टरनेच ठरवायचा असतो. नुसता ‘जड काम करू नये’ असा शेरा असला की समोरचा वकील म्हणतो हलकं काम करा की. त्याच निकालात हेही आहे की भरपाई दुखापतीच्या दिवसापासूनच देणं लागते, कोर्टाचा निकाल लागेल तेव्हापासून नाही, व्याज मागताना हे कामाला येतं.

६. आजार सिद्ध करायला कुठल्या टेस्ट लागतात?

छातीचा मोठा एक्स-रे, त्याचं वाचन आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) पद्धतीने झालेलं असेल तर उत्तम, त्यात ठिपक्यांची दाटी १/०, २/१ अशी लिहितात. शंका असेल तर एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन. फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री. थुंकीची तपासणीसुद्धा, टीबी आहे की नाही ते कळायला. सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीच्या विभागात जा, तिथल्या कागदाला खासगी कागदापेक्षा वजन असतं. धुळीच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था, एनआयओएच, अहमदाबादला आहे.

पण खरं सांगू, टेस्टइतकंच महत्त्वाचं आहे केसपेपरवरचं एक वाक्य. डॉक्टरला स्वतःहून सांगा, मी अमुक साल ते अमुक साल क्रशरच्या जाळीपाशी होतो, किंवा फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) होतो, किंवा सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने सफाई) केलं, आणि ते तसंच लिहायला लावा. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर वैतागतात, तरी उभं राहा. ‘मजुरी’ लिहिलेला केसपेपर आणि ‘११ वर्षे दगड क्रशर’ लिहिलेला केसपेपर, एक्स-रे तोच असला तरी कोर्टात या दोन वेगळ्या केस होतात.

७. माझ्याकडे कामाचा एकही कागद नाही. ना हजेरीकार्ड, ना स्लिप. आता?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि कागद नाही म्हणजे केस नाही असं अजिबात नाही. घर उलथंपालथं करा. पीएफचा नंबर, गेटपास, उचलीची वही, मुकादमाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला हिशेब, फोनपेवर आलेले पैसे, खाणीवर काढलेला फोटो, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता (वस्ती खाणीवरच असेल तर तो पत्ताच पुरावा), पोलिओच्या डोसाचं कार्ड, रेशन कार्ड. एका बाईंच्या केसमध्ये गल्लीतल्या किराणा दुकानाची उधारीची वही कामाला आली, त्यात नावापुढे खाणीचं नाव लिहून ठेवलेलं, कारण दुकानदाराला त्याच नावाच्या दोन बायकांमध्ये फरक करायचा होता.

सोबतच्या कामगारांची साक्ष चालते. तेही आजारी असतील तर सगळ्यांचे अर्ज एकदम लावा. एकाच क्रशरवरचे पाच जण एकाच प्रकारचा एक्स-रे घेऊन उभे राहिले की कोर्टालाही चित्र दिसतं. मस्टर ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, ते हजर करा असा अर्ज कोर्टात देता येतो.

८. आम्ही मुकादमाकडे होतो, ब्रासवर पैसे मिळायचे. मालक म्हणतो हे माझे कामगारच नाहीत.

मालक हेच म्हणतो, नेहमीच. काम मालकाच्या धंद्याचं असेल आणि ते ठेकेदारामार्फत करून घेतलं असेल तर कामगार भरपाई थेट मूळ मालकाकडे मागू शकतो, मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावी. ब्रासवर, नगावर, रोजावर, कशाही हिशेबाने पैसे घेतले तरी कामगारच. अर्जात मालक आणि मुकादम दोघांनाही समोर ठेवा. मुकादम बहुतेकदा आपल्याच गावचा, नात्यातला असतो, त्याचं नाव घालायला लोकांचा हात थरथरतो, मला कळतं. पण नाव नसेल तर मालक त्याच्यावर ढकलून मोकळा होतो.

९. वीस वर्षांत सात ठिकाणी काम केलं. कुणावर दावा लावू?

ज्यांच्याकडे धुळीचं काम होतं त्या सगळ्यांवर. सिलिकोसिससारख्या आजारांसाठी कायद्यात खास तरतूद आहे की वेगवेगळ्या मालकांकडे मिळून काम झालं असेल तर प्रत्येकाने आपापल्या वाट्याप्रमाणे द्यायचं. तुम्ही फक्त यादी नीट बनवा, कुठं, कधी ते कधी, काय काम. साल आठवत नसेल तर ‘थोरली झाली तेव्हा’, ‘भूकंपाच्या वर्षी’ असं आठवून त्यावरून साल काढा, आम्ही असंच काढतो.

१०. आजार माझ्या कामामुळे झाला हे मीच सिद्ध करायचं का?

पूर्ण नाही. परिशिष्टातला आजार, परिशिष्टातलंच काम, आणि ठरलेली मुदत काम केलेलं, एवढं दाखवलंत की कायदा धरून चालतो की आजार कामातूनच आला. नाही आला हे मग मालकाने सिद्ध करायचं. म्हणूनच प्रश्न ६ आणि ७ वर एवढा जोर दिलाय, त्या दोन गोष्टी झाल्या की ओझं पलीकडे जातं.

११. मी बिडी ओढायचो. केस गेली का?

बिडीने सिलिकोसिस होत नाही, तो सिलिकाच्या धुळीनेच होतो. समोरचा वकील बिडीचा मुद्दा काढणारच, दम लागणं बिडीमुळे आहे म्हणणार, तेव्हा एक्स-रेवरच्या गाठी दाखवायच्या. खोटं मात्र बोलू नका, केसपेपरवर कुठंतरी लिहिलेलं असतं आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो.

१२. मालक म्हणतो मास्क दिला होता, यानेच घातला नाही.

मास्क म्हणजे काय दिलं होतं ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी कापडी फडकं असतं, त्यातून बारीक सिलिका आरामात जाते. पाणी मारून ड्रिल होत होतं का, क्रशरला झाकण होतं का, धूळ कधी मोजली का, हे प्रश्न मालकाला उलट विचारायचे. मुद्दाम सुरक्षेचं साधन काढून टाकलं असा बचाव कायद्यात आहे, पण मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाच्या केसमध्ये तो चालत नाही.

१३. मुदत किती? काम सोडून चार वर्षं झालीत.

मुदत दोन वर्षं, पण कधीपासून ते नीट समजून घ्या. आजारामुळे सलग घरी बसलात त्याचा पहिला दिवस हा ‘अपघाताचा दिवस’ धरतात, दोन वर्षं तिथून. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर ती पहिल्यांदा कळली तो दिवस. मृत्यू असेल तर मृत्यूपासून दोन वर्षं.

उशीर झाला असेल तरी अर्ज करा. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करता येतो, आणि ‘तीन वर्षं टीबी म्हणून औषध चालू होतं, सिलिकोसिस आहे हे अमुक तारखेला पहिल्यांदा कळलं’ हे चांगलं कारण आहे, टीबीचं कार्ड सोबत जोडा. ॲस्बेस्टॉसवाल्यांचं तर आणखी अवघड, आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाचा २७ जानेवारी १९९५ चा निकाल आहे, कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या केसमधला. कारखान्याने प्रत्येक कामगाराचा आरोग्याचा रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत, ठेवायचाच. तो रेकॉर्ड लेखी मागा, स्पीड पोस्टाने, पावती जपून.

१४. काम गुजरातला केलं, घर नंदुरबारला आहे. खेटे तिकडे घालायचे का?

नाही. तुम्ही राहता तिथेही दावा लावता येतो. आपल्याकडे बऱ्याच जिल्ह्यांत कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून बसतात, तिथे जायचं. रहिवासाचा पुरावा लागेल. समोरच्या पार्टीला नोटीस बजावायला वेळ जातो, म्हणून मालकाचा पत्ता पक्का द्या, ‘हायवेजवळ क्रशर’ असा नाही.

गुजरातवरून आठवलं, गोध्रा भागातल्या क्वार्ट्झ कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धारचे आदिवासी कामाला जायचे आणि गावी येऊन मरायचे. त्यातल्या २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्या असा आदेश सुप्रीम कोर्टाने ४ मे २०१६ ला गुजरात सरकारला दिला. तो लढा संघटनेने लढला, मानवाधिकार आयोगामार्फत, आणि त्याला वर्षानुवर्षं लागली. राजस्थानात ३ लाख मिळतात असं जे लोक विचारतात ती त्या राज्याची स्वतःची २०१९ ची पॉलिसी आहे, सर्टिफिकेट मिळाल्यावर ३ लाख आणि मृत्यूनंतर घरच्यांना २ लाख. बांधकामावरच्यांनी इथे बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करून ठेवावी, आधीच्या वर्षात ९० दिवस काम दाखवावं लागतं, तिथल्या योजना वेगळ्या.

१५. मालकाने पन्नास हजार दिले आणि स्टॅम्प पेपरवर सही घेतली. संपलं का सगळं?

नाही. भरपाईचा हक्क सोडून देतो असा करार कायद्याने रद्दबातल असतो. मृत्यूच्या केसमध्ये तर मालकाने पैसे आयुक्तांकडे जमा करायचे असतात, घरी येऊन विधवेच्या हातात दिलेली रक्कम भरपाई धरत नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वळती होते. कोऱ्या कागदावर अंगठा दिला असेल तर कधी, कुठं, कोण हजर होतं ते आजच लिहून ठेवा.

१६. नवीन लेबर कोड आले, जुना कायदा गेला म्हणतात?

चार कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. भरपाई आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात आहे, आजारांची यादी तिथेही तिसऱ्या परिशिष्टातच आहे, ५० टक्के, ६० टक्के आणि फॅक्टरचं गणित तसंच. कलमांचे नंबर बदलले आणि आयुक्ताऐवजी सक्षम प्राधिकारी असा शब्द आला. अर्ज टाइप करण्याआधी वकिलाकडून कलमं तपासून घ्या, तुमची तारीख २१ नोव्हेंबरच्या अलीकडची की पलीकडची त्यावर ते आहे.

१७. माणूस घरीच गेला, पोस्टमॉर्टेम झालं नाही, दाखल्यावर हार्ट अटॅक लिहिलंय.

अवघड आहे पण जमतं. शेवटी हृदय बंद पडतंच, दाखल्यावर तेवढंच लिहून मोकळे होतात. जिवंतपणीचे एक्स-रे, एचआरसीटीच्या प्लेटा, घरी ऑक्सिजन लावला असेल तर त्याच्या भाड्याच्या पावत्या, शेवटच्या दोन वर्षांत दाखवलेल्या डॉक्टरचं पत्र, हे सगळं एका रांगेत लावायचं. मयताच्या वस्तू जाळताना एक्स-रे पण जाळतात काही जण, ते तेवढं करू नका. दावा बायको, अज्ञान मुलं, लग्न न झालेली मुलगी, विधवा आई यांना लावता येतो, आणि वडील किंवा विधवा सून त्याच्या कमाईवर अवलंबून असतील तर त्यांनाही.

१८. वकील तीस टक्के मागतोय.

देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना वकील फुकट मिळतो. तीन महिन्यांत निकाल लावायचा असं कायदा म्हणतो, माझ्या अनुभवात तसं होत नाही, दोन-तीन वर्षं धरून चाला. मालकाला हायकोर्टात अपील करायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, तेवढा एक चांगला नियम आहे.

१९. मी अजून कामावर आहे, थोडा खोकला आहे बस. आत्ताच काही करायचं का?

हो, आणि हा प्रश्न विचारणारे फार कमी असतात. हजेरीकार्डाचा महिन्याला एक फोटो काढून बहिणीला किंवा मुलीला पाठवत जा, मोबाइल हरवला तरी तिकडे राहतो. वर्षाला एक एक्स-रे, प्लेट घडी न घालता, पलंगाखाली पुठ्ठ्यात सरळ ठेवा, उंदीर आणि ओल यांपासून लांब. खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात की खिडकीवरचा माणूस न बघता विचारेल, काम काय? तेव्हा मजुरी म्हणू नका. म्हणा, क्रशरवर, जाळीपाशी, सहा वर्षं, आणि तो काय लिहितोय ते वाचून मगच खिडकी सोडा.